चार वर्षांच्या पदवीत बागेचं एक वर्ष कुठे आहे?

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली रूपं शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटी श्रोत्यांमधून आलेले दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



समीक्षेचं व्याख्यान म्हटलं की कादंबरी, नाटक, कवितासंग्रह असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. आज मी ज्या ग्रंथाबद्दल बोलणार आहे तो पुस्तकाच्या दुकानात मिळत नाही, आवडीने कुणी वाचत नाही, आणि तरी महाराष्ट्रातली कितीतरी मुलंमुली आयुष्यातली चार वर्षं त्याच्यावर घालवतात. हा ग्रंथ म्हणजे बी.एस्सी. ऑनर्स उद्यानविद्या या पदवीचा अभ्यासक्रम. मुलांच्या भाषेत ‘हॉर्टी’.

अभ्यासक्रमाची समीक्षा करता येते का? मला वाटतं करायलाच हवी. त्याला लेखक आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषद अधिष्ठात्यांची समिती नेमते आणि ती समिती सगळ्या देशासाठी आराखडा लिहिते. पाचव्या समितीचा आराखडा आपल्याकडे बरीच वर्षं चालला, २०२४-२५ पासून सहाव्या समितीचा येतो आहे. त्याला प्रकाशक आहेत. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथली आपली चार कृषी विद्यापीठं. त्याला वाचक आहे. बारावी सायन्स करून, सीईटी देऊन आलेला अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. आणि त्याला रचना आहे. काय आधी सांगायचं, काय नंतर, कशाला किती जागा द्यायची, काय गाळायचं, हे सगळं कुणीतरी ठरवलेलं असतं. समीक्षेला एवढं भांडवल पुरतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला ऐकता ऐकता तपासता येईल. या ग्रंथात फळझाडाबद्दलची माहिती भरपूर आहे, आणि ती बहुतेक बरोबर आहे. पण त्यात झाडाचं एक सलग वर्ष नाही. आणि फळबागेचं शहाणपण नेमकं त्या सलग वर्षात असतं.

मोजायची पट्टी

एखाद्या ग्रंथाचं मोल ठरवताना पट्टी कुठली घ्यायची हा प्रश्न येतोच. बाहेरची, परदेशी विद्यापीठाची पट्टी मी घेणार नाही. आपल्याच घरातली घेते.

पुण्यात शेतीचं उच्च शिक्षण १८७९ साली सुरू झालं, सायन्स कॉलेजातला एक वर्ग म्हणून. पुढे १९०७ मध्ये कृषी महाविद्यालय स्वतंत्र झालं. त्या वर्गानंतर तीनच वर्षांनी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यातला प्राथमिक शिक्षणाचा भाग आपण सगळे सांगतो. पण त्यात शेतीच्या शिक्षणाबद्दल एक छोटी सूचना आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. खेड्यातल्या शाळेत शेतीचे धडे द्या आणि त्या धड्यांना जोडून एक लहानसं नमुन्याचं शेत ठेवा, जिथे मुलांना प्रत्यक्ष काम शिकवता येईल, असं ते म्हणतात. आणि पुढे एक अट घालतात. ते शेत खरोखर चांगलं चालवलेलं असलं पाहिजे.

ही अट मला फार महत्त्वाची वाटते. शेत असणं वेगळं आणि शेत चांगलं चालवणं वेगळं. चालवणं म्हणजे नांगरटीपासून विक्रीपर्यंत जबाबदारी घेणं. आज कुठल्याही कृषी महाविद्यालयाकडे जमीन असते, प्रक्षेत्र असतं, रोपवाटिका असते. प्रश्न असा आहे की ते चालवण्यात विद्यार्थ्याचा वाटा किती. आपली पट्टी हीच.

एक अधिक एक

आता ग्रंथ उघडू. चार वर्षं, आठ सत्रं. प्रत्येक विषयापुढे एक आकडा असतो आणि कंसात त्याची फोड असते. दोन, आणि कंसात एक अधिक एक. म्हणजे आठवड्याला एक तास वर्गातला आणि एक प्रात्यक्षिक, साधारण दोन तासांचं. मुलं हा आकडा पहिल्या आठवड्यातच पाठ करतात, कारण त्याच्यावर गुण ठरतात.

विषय चांगले आहेत. मृदाशास्त्र, वनस्पतिशरीरक्रिया, रोपवाटिका आणि अभिवृद्धी, उष्ण कटिबंधातली फळं, भाजीपाला, फुलशेती, मसाल्याची पिकं, लागवडीची पिकं, कीडशास्त्र, रोगशास्त्र, काढणीनंतरचं तंत्रज्ञान, अर्थशास्त्र. एवढा आवाका एका माणसाला स्वतःच्या बळावर गोळा करता येणार नाही. भेट कलम आणि मृदुकाष्ठ कलम यांत फरक काय, जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा का भरायचा, डिंक्या कशाने येतो, हे सगळं इथे नीट, कारणांसह मिळतं. हे श्रेय दिलंच पाहिजे.

एक उदाहरण मुद्दाम घेते, कारण त्यावर मुलं हसतात. समशीतोष्ण फळपिकं हा विषय आपल्याकडेही आहे. दापोलीच्या किंवा अकोल्याच्या उन्हात बसून सफरचंद आणि नासपती शिकायची. त्या झाडांना हिवाळ्यात किती तास थंडी लागते, तेवढी मिळाली नाही तर डोळे का फुटत नाहीत, हे पाठ करायचं. मुलं विचारतात, आम्हाला याचा काय उपयोग?

माझ्या मते हा सगळ्यांत उपयोगी विषय होऊ शकला असता. द्राक्षवेल ही मुळात थंड हवेची. हिवाळ्यात पानं गाळून झोपी जाणारी. आपल्या हवेत ती झोपतच नाही, वर्षभर हिरवी राहते. म्हणून तर नाशिक-सांगली-सोलापूरचा शेतकरी वर्षातून दोनदा छाटतो आणि पीक एकदा घेतो. म्हणून ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतो, कारण जी थंडी निसर्गाने दिली नाही तिचं काम रसायनाकडून करून घ्यायचं असतं. सफरचंदाच्या धड्यातली थंडी आणि नाशिकच्या बागेतलं पेस्टिंग या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. पण अभ्यासक्रमात सफरचंद एका विषयात, द्राक्ष दुसऱ्या विषयात आणि संजीवकं तिसऱ्याच विषयात. जोडायचं काम विद्यार्थ्यावर सोडलं आहे, आणि परीक्षा जोडण्यावर गुण देत नाही.

सत्राचं कॅलेंडर आणि वेलीचं कॅलेंडर

आता मुख्य मुद्द्याकडे येते. द्राक्षाचंच वर्ष घेऊ.

एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. जुन्या काड्या काढून टाकायच्या, ओलांड्यावर नव्या फुटी घ्यायच्या, त्यांची विरळणी करायची. या छाटणीनंतर साधारण चाळिसाव्या दिवसापासून पुढच्या काही आठवड्यांत काडीवरच्या डोळ्याच्या आत घड तयार व्हायला लागतो. सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात तिला. बाहेरून काहीच दिसत नाही. पण पुढच्या वर्षी किती घड लागणार याचा बराचसा निकाल त्या मे-जूनच्या दिवसांतच लागलेला असतो. त्या वेळी ऊन कमी पडलं, ढग राहिले, नत्र जास्त झालं, फुटींची गर्दी झाली, तर डोळ्यात घडाऐवजी नुसती फूट तयार होते. मग ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. डोळे फुटतात, घड बाहेर येतात, काही ठिकाणी घड जिरतात, आणि शेतकरी कपाळाला हात लावतो. मग विरळणी, जिबरेलिक ॲसिड, डाऊनी-भुरीची धास्ती, आणि जानेवारी ते एप्रिलपर्यंत काढणी.

हे वर्ष आता महाविद्यालयाच्या वर्षावर ठेवून पाहा. एक सत्र पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीच्या पुढेमागे संपतं. दुसरं हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यात संपतं. फळछाटणी एका सत्रात येते आणि काढणी दुसऱ्या सत्रात. मधे परीक्षा, निकाल, नवा विषय, नवे सर. ज्या मुलीने ऑक्टोबरच्या प्रात्यक्षिकात काडी कुठे कापायची हे वहीत काढलं, तिला त्या काडीला किती घड लागले हे कळायची सोय नाही, कारण तोवर तो विषय ‘क्लिअर’ झालेला असतो. आणि खरड छाटणीनंतरचे ते मे-जूनचे दिवस? जेव्हा डोळ्याच्या आत सगळं ठरत असतं? तेव्हा परीक्षा तरी असते, नाहीतर सुट्टी. वेलीच्या वर्षातले सगळ्यांत निर्णायक दिवस अभ्यासक्रमात नेमके उन्हाळ्याच्या सुट्टीत पडतात.

यात कुणाचा दोष नाही. सत्रपद्धत सगळीकडे आहे. गणित तुकड्यांत शिकवता येतं. बाग तुकड्यांत शिकवली तर तिच्यातलं कार्यकारण हरवतं, कारण इथे कारण एका ऋतूत असतं आणि परिणाम दुसऱ्या ऋतूत.

हे मी नुसतं कल्पनेने म्हणत नाही. २०१० साली काय झालं ते आठवा. भारतातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि माल अडकला. आपले शेतकरी त्या औषधाला लिहोसिन म्हणून ओळखतात. ते कधी मारतात? मुख्यतः खरड छाटणीनंतर, फुटीचा जोर रोखायला, घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून. म्हणजे उन्हाळ्यात मारलेलं औषध वेलीच्या लाकडात राहिलं आणि पुढच्या हंगामातल्या मण्यात उतरलं. घडाला हात न लावताही घडात अवशेष. ज्याच्या डोक्यात द्राक्षाचं वर्ष अखंड आहे त्याला ही शंका निदान येऊ शकते. ज्याच्या डोक्यात ते दोन सत्रांत वाटलेलं आहे, त्याला ती सुचणं अवघड.

शेतकऱ्याला पदवी कशाला, या प्रश्नाचं उत्तर

इथे सभागृहातले काही जण मनात म्हणत असतील, मग शेतकऱ्याकडेच शिकावं, कॉलेज हवं कशाला? हे मला मुळीच मान्य नाही, आणि २०१० चं उदाहरण त्याच्याच विरोधात जातं. ती चूक अनुभवी हातांनीही झाली. बागेतला वर्षानुवर्षांचा अनुभव अवशेषांबद्दल काही सांगत नाही. त्याआधी २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीडनाशकांचे अवशेष सापडले होते. त्यानंतर अपेडाची अवशेष-तपासणीची व्यवस्था उभी राहिली, पुढे ग्रेपनेट आलं, बागेची नोंदणी आणि नमुने तपासणं सुरू झालं. या सगळ्याला रसायनशास्त्र कळणारी, नोंदी ठेवणारी, बागेत जाऊन बोलणारी माणसं लागतात. ती पदवीतूनच येणार.

डाळिंबावरचा तेल्या घ्या. जिवाणूजन्य रोग आहे. तो बुरशीनाशकाने जाणार नाही हे सांगायला शिकलेला माणूस लागतो. आंब्यातला साका घ्या. वरून सुरेख हापूस, कापल्यावर आत पांढरट, आंबूस गर. दापोलीच्या विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ दिला, त्यात साका नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून ‘सिंधू’ आला, पातळ कोयीचा. हे शास्त्राचं काम आहे, अंदाजाने होत नाही. पुण्याच्या गणेशखिंडीत डॉ. चीमा यांनी १९३६ च्या सुमारास निवडलेलं डाळिंब पुढे ‘गणेश’ नावाने घरोघर गेलं. आपल्या फळबागांचा इतिहास या संशोधन केंद्रांशिवाय लिहिताच येणार नाही.

तेव्हा माझी तक्रार शास्त्राबद्दल नाही. शास्त्र ज्या रीतीने विद्यार्थ्याच्या हाती पडतं तिच्याबद्दल आहे. ‘रत्ना’चे आईबाप कोण, हा प्रश्न परीक्षेत येतो. एक गुण. पण त्यापुढचा, खरा प्रश्न येत नाही: साका नसलेला आंबा चाळीस वर्षांपूर्वी मिळाला, तरी कोकणातल्या बागा आजही हापूसच्याच का? या प्रश्नात चव आहे, बाजार आहे, नाव आहे, २०१८ चं भौगोलिक मानांकन आहे, कलम एकदा लावलं की दोन पिढ्या बदलता येत नाही हे वास्तव आहे. एका प्रश्नात अर्धी उद्यानविद्या येते. पण तो चार पर्यायांत बसत नाही.

शेतकऱ्यांनी शोधलेल्या वाणांचंही तेच. ‘तास-ए-गणेश’ तासगाव भागातल्या बागेत निवडलेला, ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ नान्नजच्या नानासाहेब काळे यांचे. या वाणांची नावं तक्त्यात असतात: वाण, उगम, वैशिष्ट्य. पण हजारो काड्यांतली एक वेगळी काडी माणसाच्या नजरेला पडते कशी, ती वेगळी आहे याची खात्री तो कशी करतो, किती हंगाम थांबतो, हे तक्त्यात नाही. निरीक्षणाचं फळ शिकवलं जातं, निरीक्षण करणं शिकवलं जात नाही.

निर्णयाचा धडा

फळबाग म्हणजे शेवटी निर्णयांची मालिका. डाळिंबाचा बहार निवडणं बघा. मृग बहार धरला तर पाऊस आहे, पाण्याची काळजी कमी. पण दमट हवेत तेल्याचा धोका सगळ्यांत जास्त. आंबे बहार धरला तर डिसेंबरच्या आसपास ताण सहज बसतो, पण फळं पोसायला ऐन उन्हाळ्यात पाणी लागतं. हस्त बहारात रोग कमी, भावही बरा. पण सप्टेंबरच्या पावसात ताण बसेल याची खात्री नाही. पाणी, रोग आणि भाव या तिघांत कुणाला किती मान द्यायचा? हलक्या मुरमाड जमिनीत ताण लवकर बसतो, काळ्या जमिनीत बसता बसत नाही. पान पिवळं कधी म्हणायचं, इथ्रेल कधी मारायचं, पहिलं पाणी कधी सोडायचं?

पुस्तकात यावर ‘बहार ट्रीटमेंट’ असा धडा आहे. गंमत पाहा, हा शब्दच मुळात आपल्या शेतकऱ्याचा. तो इंग्रजी पाठ्यपुस्तकात गेला, मागे ‘ट्रीटमेंट’ लावून परत आला, आणि आता आपली मुलं तो इंग्रजीतून पाठ करतात. ताणाला ‘स्ट्रेस’ म्हणतात, खुंटाला ‘रूटस्टॉक’. इंग्रजीला माझा विरोध नाही. संशोधन वाचायचं तर ती हवीच. पण परीक्षेचं उत्तर इंग्रजीत आणि बागेतलं बोलणं मराठीत असं दुहेरी झालं की मुलगा बागेत गेल्यावर गप्प बसतो. शेतकरी म्हणतो, ‘ताई, यंदा घड जिरला हो.’ तिला कारण माहीत असतं, पण ‘घड जिरणं’ म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. दोघांकडे अर्धं अर्धं ज्ञान असतं आणि मधे शब्द नसतो. हा भाषाभिमानाचा प्रश्न नाही, कामाचा प्रश्न आहे. दोन्ही शब्द शेजारी शेजारी शिकवले तर तो सुटतो.

शेवटच्या वर्षात येणारं शेत

अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांना हे कळत नाही असं नाही. ‘स्टुडंट रेडी’ नावाचा कार्यक्रम २०१५ पासून आहे. त्यात ‘रावे’ आहे, म्हणजे गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम. उद्योगात प्रशिक्षण आहे. अनुभवाधारित शिक्षण आहे, ज्यात मुलं रोपवाटिका चालवतात, फळप्रक्रिया करतात, विकतात, हिशेब ठेवतात. कल्पना उत्तम. फुल्यांच्या नमुन्याच्या शेताच्या सगळ्यांत जवळ जाणारा भाग हाच.

पण ग्रंथाच्या रचनेत त्याची जागा पाहा. शेवटचं वर्ष. तोवर अर्धा वर्ग स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागलेला असतो, काहींनी शहरातल्या अभ्यासिकेत जागा घेतलेली असते, आणि ‘रावे’ म्हणजे फाइल पूर्ण करण्याचं काम होऊन बसतं. फोटो, तक्ते, ग्रामपंचायतीचा शिक्का. शिवाय तो काळ एका सत्राचा. एका सत्रात झेंडू होतो, मेथी होते, रोपं होतात. फळझाड होत नाही.

सहाव्या समितीने कौशल्याचे विषय पहिल्या वर्षापासून आणले आहेत, हे चांगलं झालं. दुसरीकडे, एक वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोयही आहे. ज्या मुलांची घरची अडचण आहे त्यांच्यासाठी ती बरी. पण उद्यानविद्येच्या नजरेने पाहिलं तर एका वर्षात आंब्याचं कलम नीट रुजतं एवढंच. पहिली तीन-चार वर्षं तर त्याचा मोहोर खुडून टाकावा लागतो. या विद्येला वेळ हाच मुख्य कच्चा माल लागतो, आणि आपण त्याचेच आणखी छोटे तुकडे करत चाललो आहोत.

मग काय करायचं?

समीक्षकाने उपाय सांगू नये असं म्हणतात. पण इथे मुलांची चार वर्षं आहेत आणि आईवडिलांचे पैसे आहेत, म्हणून एक साधी गोष्ट मांडते.

प्रत्येक बॅचला पहिल्या सत्रात वीस गुंठे जमीन द्या आणि डाळिंब लावायला सांगा. डाळिंब का, तर ते चार वर्षांत बसतं. साडेचार बाय तीन मीटरवर लावलं तर हेक्टरी ७४० झाडं बसतात. म्हणजे वीस गुंठ्यांत दीडशेच्या आसपास. चाळीस मुलांचा वर्ग धरला तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार झाडं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पहिला बहार धरता येतो. तो कुठला धरायचा, हे वर्गाने चर्चा करून ठरवायचं आणि कारणं लिहून ठेवायची. चौथ्या वर्षापर्यंत दोन बहार हातून जातात. एक फसला तर दुसरा सुधारायला मिळतो.

मृदाशास्त्राचं प्रात्यक्षिक याच मातीवर, कीडशास्त्राचं याच पानांवर, अर्थशास्त्राचं याच पट्टीवर. पट्टी म्हणजे अडत्याने दिलेली हिशेबाची पट्टी. हमाली, तोलाई, अडत वजा जाऊन हातात काय आलं ती. प्रत्येकाची एक वही असावी, चार वर्षं तीच. विषय बदलतील, सर बदलतील, वही बदलायची नाही. आणि थोडे गुण त्या वहीला.

अडचणी मला दिसतात. पाणी कुठून, सुट्टीत कोण बघणार, रात्री फळं चोरीला गेली तर? माझं उत्तर असं की याच अडचणी शेतकऱ्यालाही आहेत, आणि त्या सोडवणं हाच अभ्यासक्रम आहे. सुट्टीत पाळ्या लावा. बाग तेल्याने गेली तरी मुलं नापास होऊ नयेत. का गेली हे ज्याला नीट लिहिता आलं त्याला पैकीच्या पैकी गुण द्या. कारण १९९० पासून रोजगार हमीतून आपण राज्यभर फळबागा लावत आलो, आणि देशात तर २०१२-१३ पासून एकूण उद्यानपिकांचं उत्पादन धान्यापेक्षा जास्त आहे. लावायला आपण शिकलो. लावलेलं टिकवणारी, बिघडलं तर का बिघडलं हे सांगू शकणारी माणसं या पदवीतून यायला हवीत.

श्रोत्यांचे प्रश्न

*एक श्रोता: तुम्ही म्हणता ते पटतं, पण प्राध्यापकांच्या जागाच भरलेल्या नसतील तर हे कोण करणार?*

बरोबर आहे. माणसं नसतील तर कुठलाच अभ्यासक्रम चालणार नाही, हाही नाही आणि मी सांगितला तोही नाही. पण एक लक्षात घ्या. बॅचच्या बागेत शिकवणारे फक्त प्राध्यापक नसतील. प्रक्षेत्रावर वर्षानुवर्षं काम करणारे मजूर, कलमं बांधणारे माळी, शेजारच्या गावातला बागायतदार, यांना आठवड्यातून एक तास मानधन देऊन बोलवा. डोळा भरायला त्यांच्याइतकं नीट कोण शिकवणार?

*एक पालक: माझ्या मुलीला ॲग्रीला नंबर लागला नाही, हॉर्टीला लागतोय. घालू का?*

घाला. पण ‘ॲग्रीला लागला नाही म्हणून’ असं तिच्यापुढे म्हणू नका. दुय्यम म्हणून घेतलेली गोष्ट मूल दुय्यमच मानतं. ही पदवी वाईट नाही. तिच्यात जे नाही ते बाहेरून भरून काढता येतं. तिला पहिल्याच वर्षी तुमच्या भागातल्या एका बागायतदाराकडे घेऊन जा आणि एक झाड किंवा एक वेल ठरवून घ्या. तीच पुढे चार वर्षं. सुट्टीत घरी आली की पहिली भेट तिला. तारीख घालून लिहायचं: आज काय दिसलं, शेतकऱ्याने काय केलं, का केलं, पुढे काय झालं.

आणि ॲडमिशनच्या आधी एक गोष्ट करता आली तर पाहा. कॉलेज बघायला मे महिन्यात जा. इमारत, होस्टेल, वाय-फाय हे सगळं कधीही बघता येतं. मे महिन्यात बागेत जा आणि बघा, तिथे एकतरी विद्यार्थी आहे का. असेल, तर निर्धास्त घाला. नसेल, तर घाला, पण ती वही मात्र सुटू देऊ नका.